सापाच्या नावानं बुजवलेली खिडकी

गेल्या साली हस्त लागला त्या मंगळवारी आम्ही दोघांनी ज्वारी पाखडली. म्हणजे पाखडली मी. ठकू पोतं अंथरून बसली होती, वारा ज्या अंगानं येत होता त्या अंगाला, म्हणजे फोलपाट तिच्याकडं जाणार नाही. आभाळ भरून आलं होतं पण पडत नव्हतं. मी सूप हलवत होतो आणि ती चुका काढत होती.

"सुपाचं टोक खाली घ्या जरा. दाणं भुईवर चाललंत."

"चाळीस वर्सं पाखडतोय मी."

"चाळीस वर्सं तसंच चाललंत."

मग ती हसली, आणि हसली की खोकला यायचाच, तसा आला. मी सूप खाली ठेवून तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ नव्हतीच, नुसत्या फासळ्या. खोकला थांबल्यावर तिनं भुईवर सांडलेले दाणे एकेक वेचले आणि मुठीतून माझ्या सुपात टाकले. एवढंच. दिवस बुडेपर्यंत याच्यापलीकडं काही घडलं नाही.

आज परत हस्त लागला. हत्तीचा पाऊस म्हणतात आमच्याकडं. आला तर सोंडेनं ओततो, नाही तर नुसता झुलत उभा राहतो. भुईतून तोच वास यायला लागलाय. ओल्या पांढऱ्या मातीचा, भिजलेल्या कडब्याचा. चौथी शिकलेला माणूस मी, वासाचं कसं लिहायचं ते मला कळत नाही. पण हा वास नाकात शिरला की मला चाळीस वर्सांमागची ती आतली खोली दिसते, आणि माझी मान आपोआप खाली जाते. समोर कुणी नसलं तरी जाते.

खळ्यावर वाऱ्याला धान्य उपणायचं ते बाप्याचं काम, घरात सूप धरायचं ते बाईचं. ही आमच्याकडची रीत. मी सूप धरायला लागलो तेव्हा गाव हसलं. पारावर बसलं की कुणी तरी म्हणायचंच, "आबा, उद्या आमची बी ज्वारी निवडाया या." मी हसून सोडून द्यायचो. पुढं पुढं हसणं थांबलं आणि बायका आपापल्या नवऱ्यांना माझं नाव घेऊन टोमणे मारायला लागल्या. बघा आबा, बायकोला धूळ सोसत न्हाय म्हणून सूप धरतोय. ठकूला तिरडीवर घेतलं तेव्हासुद्धा एक म्हातारी रडता रडता म्हणाली, असा नवरा मिळाया पुण्य लागतं. मी ते ऐकून घेतलं. चाळीस वर्सं ऐकूनच घेत आलो. न केलेल्या चोरीचा आळ माणसाला सहन होत नाही, पण न केलेलं पुण्य कसं मुकाट अंगावर घेतो बघा.

आमचं गाव नीरेच्या काठापासून जरा आत, बावड्याच्या बाजूला. सन पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. माझं लग्न होऊन दोन वर्सं झाली होती. त्या साली हस्तानं चार दिवस सोंड वर केली नाही. नीरा तुंबली, आणि नीरा तुंबली की आमच्या ओढ्याचं पाणी पुढं जायच्या ऐवजी मागं फिरतं. ते असं येतं की आल्याचं कळत नाही. आवाज नाही, लाट नाही. ठकू चुलीपाशी बसली होती आणि म्हणाली, "आवं, राख तरंगतीया." बघतो तर चुलीतली राख हळूहळू फिरत होती.

एक रात्र आणि एक दिवस पाणी घरात मांडीभर उभं होतं. आम्ही छपराच्या माळवदावर चढून बसलो. उतरलं तेव्हा भिंतीवर मांडीएवढ्या उंचीला एक रेघ राहिली, आणि भुईवर चार बोटं गाळ. पांढऱ्या मातीच्या भिंती त्या. मातीनं एकदा पाणी प्यालं की ती लवकर सोडत नाही. वरून वाळल्यागत दिसते, हात लावला की गार.

पण ऊन पडलं आणि सगळ्या गावानं आपापलं घर बाहेर काढलं. गोधड्या, पोती, भुईमुगाच्या शेंगा, मिरच्या, एवढंच काय, देवाचे टाकसुद्धा. माळवदावर, अंगणात, बांधावर, काट्यांवर. उभं गाव वाळत घातलं होतं. ज्याचं जे गेलं ते तो दुसऱ्याला दाखवत होता. माझी शेंग कुजली, तुझी मिरची काळी पडली. रडायचं काम कमी आणि दाखवायचं जास्त. त्यात एक सुख असतं. फक्त माझ्या अंगणात काही नव्हतं.

कारण माझ्या पेवात पाणी शिरलं होतं.

आता पेव काय असतं ते सांगायला पाहिजे. पांढरीच्या जमिनीत खोल खणलेला खड्डा, वरून तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट हे एवढं. चहूअंगानं कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची, वर शेणमातीचा लिंपा द्यायचा. लिंपा वाळला की त्याला भेगा पडतात. त्या दिसल्या की दुसरा लिंपा द्यायचा, मग वर मातीचा ढीग. ज्वारी दोन-दोन वर्सं तशीच राहते. आमच्या गावात पेव लिंपावं तर माझ्या बापानं आणि त्याच्या मागं मी. आजूबाजूच्या गावांतूनही बोलवायचे. मी लिंपलेल्या पेवात पाणी गेलं असं कधी झालं नव्हतं. आणि पेव उघडतानाही मलाच बोलवत. बंद पेवात हवा मरते. एकदम उतरला तर माणूस वर येत नाही. म्हणून आधी तोंड दिवस-दोन दिवस उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर समजायचं, आत माणसाची हवा नाही. कंदील जळत राहिला तर उतरायचं. या कामात मी कधी घाई केली नाही. कुणालाही करू दिली नाही. एकदा एका पाहुण्याची बंडी धरून मागं ओढला होता मी त्याला.

त्या साली वैशाखात पेव भरलं, पहिला लिंपा दिला, आणि दुसऱ्या दिवशी बारामतीकडं कुस्त्या होत्या. ठकू म्हणाली, "भेग पडलीया बगा. एक हात मारून जावा."

मी म्हणालो, "पेव कुणी लिंपलंय? तुला काय कळतंय त्यातलं?" आणि तसाच माती लोटून कुस्त्यांना गेलो. कुणी कुणाला पाडलं ते आता आठवतही नाही. भेग आठवते. वीतभर होती, केसाएवढी बारीक.

आणि त्याच्या मागंही एक गोष्ट आहे, ती लिहायला हात उचलत नाही, पण ती टाळली तर पुढचं काही कळणार नाही. शेजारच्या बाबूरावाच्या पेवात पुराच्या दोन वर्सं आधी पाणी गेलं होतं. त्यानं ते पेव स्वतःच लिंपलं होतं, मला न बोलवता. भिजलेली ज्वारी त्यानं अंगणात वाळत घातली, गल्लीभर आंबूस वास सुटला, आणि मी पारावर दहा माणसांत म्हणालो, "बाबूराव, पेवात ज्वारी भरली होतीस का बोंबील?" पार हसून लोळला. बाबूराव महिनाभर पाराकडं फिरकला नाही.

आता पूर उतरल्यावर तोच बाबूराव आपल्या गोधड्या वाळत घालता घालता मला विचारत होता, "तुझं पेव बरं हाय न्हवं रं?"

त्याच्या मनात काही नव्हतं. खरंच काळजीनं विचारलं त्यानं. मी म्हणालो, "माझ्या पेवाला काय धाड भरलीया?"

पेव आमचं गोठ्याच्या मागं, कुणाला दिसेल असं नव्हतं. मी तोंड उघडलं. वास आला तेव्हाच समजलो. तरी रीतीप्रमाणं दोन दिवस तोंड उघडं ठेवलं, वर कडबा आडवा टाकून. मग कंदील सोडला. विझला. आणखी एक दिवस थांबलो. परत सोडला, जळाला. मग उतरलो. वरची आणि कडेची ज्वारी फुगून काळी-हिरवी झाली होती, मधली ऊबट, दमट. हात घातला तर आतून वाफ. भर दुपारी, निम्मं गाव नीरेचं पाणी बघायला गेलं असताना, मी खालून पाट्या भरल्या आणि ठकूनं दोरीनं वर ओढल्या. दोन दुपारी हेच केलं.

फेकायची होती. निदान काळी तरी फेकायची होती. आणि मधली उन्हात पातळ पसरून वाळवायची होती. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. गावाला सांगणारा मीच.

मी ती आतल्या खोलीत पसरली. भुई अजून ओली होती, भिंती मांडीपर्यंत गार होत्या. तिथं एक हातभर खिडकी होती, गल्लीच्या बाजूला. तिच्यातून वास बाहेर जाईल म्हणून मी कच्च्या विटा आणि चिखल घेतला आणि ती बुजवून टाकली. गल्लीतून जाता जाता बाबूराव थांबला.

"खिडकी का बुजवतुयास?"

"पुराचं साप फिरायलेत. काल एक आत आलता."

"मोठा हुता का?"

"हातभर. ठकू लई भ्याली."

आत ठकूनं ऐकलं असणार. तिसऱ्या दिवशी गावात ठरून गेलं की आबाच्या घरात नाग निघाला. पुढं मुलंबाळं झालेल्या माणसांनीही ते आपल्या मुलांना सांगितलं. खोटं बोलायला मला एक क्षण लागला होता, गावानं ते चाळीस वर्सं नीट सांभाळलं.

मग खोली गरम राहावी म्हणून घमेल्यात शेणी पेटवून ठेवल्या. दार ओढून घेतलं. आणि ठकूला सांगितलं, दिवसातनं तीन-चार बार ज्वारी हातानं वरखाली करायची, न्हायतर गाठ धरंल. ती आत जायची. दोन्ही हातांनी ज्वारी उपसून उलटी करायची. मी एकदा दार किलकिलं करून बघितलं होतं. तिच्या भोवती एक पांढरट-हिरवी धूळ उभी होती, धुरात मिसळलेली, आणि त्या धुळीत ती वाकलेली. भिंतीवर पुराच्या रेघेच्या वर बुरा चढायला लागला होता, मांजराच्या अंगावरच्या लवेसारखा. ती तो शेणानं सारवायची. दोन दिवसांनी शेणातून परत वर यायचा.

मी मात्र दिवसभर शेतात. ताली, म्हणजे बांध, फुटले होते, ते घालत होतो. मोकळं रान, पावसानं धुतलेली हवा. छाती भरून घ्यायचो आणि वर गाणं म्हणायचो.

संध्याकाळी घरी आलो की ठकू अंग टाकून पडलेली असायची. हुडहुडी, ताप, छातीत जड. सकाळी उठायची तर बरी. परत खोलीत जायची, परत संध्याकाळी ताप. चार-पाच दिवस असं झालं तेव्हा मी काय म्हणालो ते लिहितो.

"सांज झाली की बरा ताप येतोय तुला. भाकरी थापायच्या येळंलाच."

ती उठली आणि भाकरी थापायला बसली. त्या ज्वारीचीच भाकरी, चार पाण्यांनी धुतलेली, तरी कडवट. मी बोललेलं तिनं कधी परत काढलं नाही. तिनं काढलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा तिला दोन पावलं चालून दम लागायला लागला. मी गाडी जुंपून इंदापूरला नेली. तिथल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. तरुण माणूस होता, शहरातला, पण बोलणं समजेल असं. त्यानं ठकूला विचारलं, "घरात पुराचं पाणी आलं होतं?"

"आलतं."

"ओल आहे अजून? बुरशी दिसते भिंतीला?"

तिनं पदर तोंडाला लावला.

"कुजलेल्या धान्यात, त्याच्या धुळीत काम करता का बाई? बघा, आठवून सांगा."

ठकूनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरच्या खोलीत एक कॅलेंडर होतं, मी त्या कॅलेंडरकडं बघत उभा होतो. तिनं किती वेळ माझ्याकडं बघितलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिच्याकडं बघत नव्हतो.

"न्हाय," ती म्हणाली. "असलं काय काम न्हाय."

डॉक्टरनं गोळ्या दिल्या. म्हणाला, घर उघडं ठेवा, खिडक्या-दारं उघडी टाका, हवा खेळू द्या, भिंती वाळू द्या, औषधापेक्षा त्याचा गुण जास्त. आम्ही गाडीत बसलो. इंदापूर सुटलं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांशिवाय दुसरा आवाज नव्हता. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "भुका लागल्या असतील बैलांला."

घरी आल्यावर मी राहिलेली ज्वारी नेली आणि ओढ्यात सोडली. एवढं केलं. खिडकी उघडली नाही. उघडली असती तर बाबूरावानं विचारलं असतं, साप गेला का? आणि मग परत एक खोटं. म्हटलं, जरा विसरू दे लोकांना. मग तिथं कणगी आली. मग सुली झाली, आमची एकुलती एक, तिचा पाळणा टांगला. मग राहूनच गेलं. लोक विसरले की नाही कुणास ठाऊक, पण माझं पाऊल पुढं पडलं नाही.

पेवाला मी तीन दिवस हवा दिली होती. कंदील सोडून बघितला होता. स्वतःच्या जिवासाठी. आणि वर, घरात, दुसरं पेव करून त्यात बायको उतरवली आणि तोंड लिंपून टाकलं. तिथं मात्र लिंप्यात भेग ठेवली नाही. हे मला त्याच साली कळलं होतं. उशिरा कळलं असतं तर आज एवढं लागलं नसतं.

ठकूची छाती परत पहिल्यासारखी झाली नाही. उन्हाळ्यात बरी असायची. पाऊस लागला की घरघर सुरू. धान्याची धूळ, चुलीचा धूर, शेणाचा वास, काही सोसायचं नाही. म्हणून सूप माझ्याकडं आलं. सुली मोठी झाली, लग्न होऊन बारामतीला गेली, तिनं तिथल्या डॉक्टरला दाखवलं. तोंडात मारायचा पंप आला. ठकू त्याला फवारा म्हणायची. "आणा फवारा, कीड पडलीया छातीला." तिथल्या डॉक्टरनंही विचारलं, कधीपासून आहे? मी म्हणालो, तिच्या माहेरात होतं वाटतं कुणाला तरी. सासरा मरून वीस वर्सं झाली होती, त्याच्या छातीला काही झालं नव्हतं. मेलेल्या माणसावरसुद्धा मी ते ढकललं.

एकदाच, फक्त एकदा तिनं विषय काढला. दसऱ्याचं सारवण चाललं होतं. तिच्यानं व्हायचं नाही म्हणून बाई लावली होती, ती बाई गेल्यावर ठकू त्या बुजवलेल्या जागेवर हात फिरवत उभी होती.

"हितं खिडकी असती तर धूर गेला असता."

आणि मी काय म्हणावं? सवयीनं तोंडातून निघालं, "साप येतोय की."

तिच्यापाशी म्हणालो हे. जिनं पाट्या ओढल्या तिच्यापाशी. ती वळून माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिला एवढं हसू आलं की भिंत धरून खाली बसावं लागलं. हसता हसता खोकली, खोकता खोकता म्हणाली, "व्हय, व्हय. साप हाय खरा घरात. जेवतोय बी दोन टायम." मी फवारा आणून दिला. विषय मिटला.

बाबूराव दहा वर्सांमागं गेला. मरायच्या आधी मी त्याच्या उशाशी रोज बसायचो. सांगावं असं कितीदा मनात आलं. त्याला बोंबील आठवत होते का, तेही विचारावं वाटलं. तो म्हणायचा, "तू ठकूवैनीचं लई केलंस." की माझे शब्द परत पोटात.

तर त्या मंगळवारी आम्ही ज्वारी पाखडली. दिवस बुडता बुडता पाऊस आला, दारं लावून घ्यावी लागली. ठकूची छाती भरली. फवाऱ्यानं ऐकेना. बारामतीला न्यायला टेंपो सांगितला, तो ओढ्याच्या पलीकडं पाण्यामुळं अडकला. बुधवारी उजाडायच्या आत ती माझ्या मांडीवर गेली, त्याच आतल्या खोलीत, जिथं हवा यायला एक दार सोडून दुसरी जागा नव्हती. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. दाराकडं हात करत होती. मी दार उघडलं तर पाऊस आत आला. सकाळी ओढा उतरला, बुधवारी दुपारी सगळं उरकलं. सुली, जावई, पाहुणे, सगळे अंगणात बसले होते. म्हातारीनं पुण्याचं बोलून घेतलं.

गुरुवारी सकाळी मी गोठ्यातली पहार घेतली आणि गल्लीत गेलो. पाऊस उघडला होता. भिंतीवर अंदाजानं जागा शोधली, वरून इतके लिंपे बसले होते की दिसत नव्हती, पण हाताला बरोबर लागली. पहार मारली. सुली धावत आली, जावयानं तिला धरलं, म्हणाला असू दे, त्यांना काही तरी करू दे.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बाबूरावाची नातसून पिठलं-भाकरी झाकून घेऊन आली होती. कांता तिचं नाव. पोर बडबडी, लग्न होऊन वर्सही झालं नव्हतं. ती भिंतीपाशी थांबली.

"आबा, आवं खिडकी कशापायी उकरताय? साप येतोय म्हणं हितनं."

"साप नव्हता गं."

"मग?"

मी पहार टेकवली. चाळीस वर्सं जे गिळत आलो ते बोललो. "माझ्या पेवात पाणी गेलतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी वाट बघत होतो. कशाची ते ठाऊक नाही. हसण्याची असेल.

"पेव म्हंजी काय वं, आबा?"

गल्लीत मी इकडं तिकडं बघितलं. पारावर ओळखीचं कुणी नव्हतं. ज्यांच्यापुढं लाजायचं होतं त्यातला एकही माणूस उरला नव्हता, आणि ही पोर डोक्यावरचा पदर सावरत उत्तरासाठी थांबली होती. मग मी तिला सगळं सांगितलं. पेव, भेग, बोंबील, ज्वारी, धूळ, इंदापूरचा डॉक्टर. सुलीही ऐकत होती, मागं, दारात. मी तिच्याकडं बघितलं नाही.

कांतानं पिठल्याची ताटली या हातातून त्या हातात घेतली.

"एवढ्यापायी?"

"व्हय," मी म्हणालो. "एवढ्यापायी."

आणि राहिलेल्या विटा काढल्या.